सुलकाटा अपडेट: पिल्लांचं खाणं कमी केलं तिथेच चुकलं

मागच्या वेळी लिहिलं होतं की माझ्या सुलकाटा (आफ्रिकन कासव) पिल्लांना, बारकी आणि कानू दोघांनाही, पिरॅमिडिंग (कवचावर टोकदार उंचवटे येणं) सुरू झाल्यासारखं वाटतंय म्हणून खुराक निम्मा केलाय. तर तीन आठवडे बारकीचं वजन ५८ ग्रॅमवर अडकलं आणि स्क्यूट (कवचाचे खवले) तरीही वर उचलतच होते. कानूचंही तेच. फार जीवाला लागलं, कारण ती दोघं रोज सकाळी काचेपाशी येऊन उभी राहायची आणि मी मोजून चिमूटभर हराळी टाकायचो.

शेवटी नीट मोजायला बसलो. माझा मोठा सुलकाटा धोंडू ९.२ किलोचा, दिवसाला साधारण २८० ग्रॅम गवत खातो, म्हणजे वजनाच्या ३ टक्के, आणि भुसावळच्या या मे महिन्यात दुपारी तर तो बिळातून बाहेरच येत नाही. बारकी निम्म्या खुराकाच्या आधी रोज ७ ग्रॅम संपवायची म्हणजे १२ टक्के! त्या हिशोबाने धोंडूला रोज किलोच्या वर लागलं असतं. आई तर बघून म्हणायची, "इतलंसं लेकरू, कितलं खाई ऱ्हायनं!" पण ते हावरेपण नाहीच, जीव छोटा तितकी ग्रॅममागे ऊर्जा जास्त जळते, वर हाडं आणि कवच दोन्ही एकदम वाढत असतात. धोंडूच्या मोठ्या आतड्यात गवत कितीतरी दिवस कुजत, पचत राहतं, त्याचं भागतं.

मग पिरॅमिडिंग कशाने? २००३ चा व्हिएन्नाचा सुलकाटावरचाच अभ्यास परत वाचला, त्यात कोरडी हवा हेच मोठं कारण निघालं होतं, प्रोटीनचा परिणाम किरकोळ. ह्युमिडिटी मीटर पिल्लांच्या टबात ठेवला तर २१ टक्के!! वरून उघडा टब, त्यात बल्ब, बाहेर ४५ डिग्री, अजून काय होणार. (टबासोबत आलेला डायलवाला मीटर कायम ६० दाखवायचा, तो फेकला, डिजिटलच घ्या.)

आता टबावर ॲक्रिलिक शीट, खाली नर्सरीतलं कोकोपीट भिजवून दाबलेलं, दिवसा बल्ब बंद, फक्त यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) ट्यूब, कारण झाकलेला टब आपल्या उन्हाळ्यात भट्टी होतो, खोलीत कूलर लागतोच. आणि सगळ्यात भारी म्हणजे फुटका माठ! कडा घासून अर्धा आडवा पुरला, सकाळ-संध्याकाळ भिजवतो, आत ८० टक्के आणि गारही. दोघं तिथेच झोपतात.

खुराक परत पोटभर. हराळी, जास्वंदीची पानं, फड्या निवडुंगाचा काटे काढलेला तुकडा, वरून समुद्रफेस किसून (कटलफिशचं हाड, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पेट शॉपच्या कॅल्शियमपेक्षा कितीतरी स्वस्त). लसूणघास नाही, आणि केळी आपल्याकडे ढिगाने असली तरी अजिबात नको, साखर फार. बांधावरची हराळी आणताना तणनाशक मारलंय का ते शेतमालकाला विचाराच.

बारा दिवसांत बारकी ६६ ग्रॅम!! कानू ७१. दोघांचं वजन रोज कोमट पाण्यात बसवायच्या आधीच घेतो, नंतर घेतलं की प्यायलेल्या पाण्याने आकडा फसवतो. स्क्यूटच्या मधे पांढरी नवी रेघ दिसायला लागलीय, ती सपाट वाढते का ते कळायला दोन महिने तरी जातील.

मी ड्यूटीवर असताना माठ सुकतो, म्हणून ठिबकचा ड्रिपर लावायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की छोटा ड्रिपरसुद्धा तासाला २ लिटर सोडतो, टबात तळं होईल. त्यापेक्षा मेडिकलमधून सलाईनचा सेट आणतो, चाक फिरवून मिनिटाला दोन-तीन थेंब ठेवता येतील. उद्या सुट्टी आहे, उद्याच बसवतो. कुणी लावला असेल तर बाटली किती उंच टांगली तेवढं सांगा.