काही सुचलं नाही तर इन्व्हर्जन

जानेवारी, रविवार रात्र

प्रिलिमचा शेवटचा गठ्ठा आज हातावेगळा केला. बारावीचं इंग्रजी. कवितेखाली फिगर ऑफ स्पीच, म्हणजे अलंकार, विचारली की इचलकरंजीतल्या आमच्या पोरांचा एक मंत्र ठरलेला आहे, वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला दिलेला: काही सुचलं नाही तर इन्व्हर्जन ठोकून द्या. पुढे कारण म्हणून 'वर्ड्स आर नॉट इन देअर प्रोज ऑर्डर' हे वाक्य, सगळ्यांचं एकाच साच्यातलं. आणि पंचाईत अशी की हा मंत्र चालतो! जुन्या इंग्रजी कवितेत पावलोपावली शब्दांचा क्रम उलटा असतो. ओळीला इन्व्हर्जन लागू पडतं आणि गुण द्यावाच लागतो.

साउदीच्या 'इंचकेप रॉक'मधलीच ओळ घ्या. 'ऑन अ बॉय इन द स्टॉर्म इट फ्लोटेड अँड स्वंग.' यातला 'बॉय' म्हणजे बोया, समुद्रात तरंगणारी खूण, आणि 'इट' म्हणजे तिच्यावरची घंटा. आधी बोया, मग वादळ, आणि घंटा त्यानंतर. क्रम का उलटला, असं शुक्रवारी वर्गात विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "पुढच्या ओळीतल्या 'रंग'शी (rung) 'स्वंग'चं यमक जुळवायला, मॅडम." बरोबरच आहे की. पण ओळ मोठ्याने म्हटली तर खवळलेलं पाणी आधी दिसतं आणि त्यावर डुचमळणारी घंटा नंतर, हेही त्याच पोराने पुढे सांगितलं. गाइडमध्ये यातलं काही नाही.

त्या कवितेची खरी ताकद आयरनी, म्हणजे केलेलंच करणाऱ्यावर उलटणं. ॲबटने, म्हणजे मठाधिपतीने, खलाशांसाठी बांधलेली घंटा राल्फ नावाचा समुद्री चाचा कापतो आणि पुढे धुक्यात त्याचंच जहाज त्याच खडकावर फुटतं. पण प्रश्न एका ओळीवर येतो आणि आयरनी एका ओळीत मावत नाही, त्यामुळे तिच्या वाटेला कोणी जात नाही. खडक खरा आहे, स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात, आणि १८११ पासून तिथे दीपगृह आहे, हे ऐकून मात्र पोरं सरसावून बसली. मग अर्धा तास दीपगृहच. असो.

अलंकार पोरांना नवे नाहीत. मराठीच्या तासाला उपमेय, उपमान, साधर्म्यसूचक शब्द आणि साधारण धर्म यांची फोड करून आलेली असतात. इंग्रजीत आम्ही 'लाइक' किंवा 'ॲज' दिसला की सिमिली, म्हणजे उपमा, म्हणतो आणि पुढच्या ओळीला लागतो. चारांतला सर्वांत कामाचा भाग, साधारण धर्म, तिथेच सुटतो. म्हणून या उजळणीत मी तेवढाच एक प्रश्न धरून बसले आहे: दोघांत सारखं काय?

सरोजिनी नायडूंच्या 'इंडियन वीव्हर्स'मध्ये बाळाचं वस्त्र खंड्याच्या पंखासारखं निळं, राणीचा शेला मोरपिसासारखा जांभळा-हिरवा, आणि शेवटी कफन पिसासारखं, ढगासारखं पांढरं. सारखं काय? रंग, सगळे म्हणाले. एकटी म्हणाली, "पीस आणि ढग हलके पण असतात. आणि दोन्ही उडून जातात." तिच्या घरी यंत्रमाग आहेत. कवितेची लय मागाची आहे, हे मी सांगितल्यावर तिने लगेच कापलं: हातमागाची असेल, आमच्या धोट्याचा आवाज असा नसतो. मान्य.

दिलीप चित्र्यांच्या 'फादर रिटर्निंग होम'ला मात्र एक तास पुरला नाही. तुकाराम इंग्रजीत नेणारा हा कवी गाडीतून उतरणाऱ्या वडिलांना लांबलचक वाक्यातून गळालेल्या शब्दासारखं म्हणतो. सारखं काय? आधी शांतता. मग उत्तरं येत गेली. गाडी म्हणजे वाक्य. शब्द गळाला तरी वाक्य चालू राहतं, कोणाला कळतही नाही. एकट्या शब्दाला अर्थ उरत नाही. पुढे घरी पातळ चहा आणि शिळी चपाती आहे, तेही त्या एकाच उपमेत आधी येऊन गेलंय, असं एकाने म्हटलं तेव्हा मी खडू खाली ठेवला. हे ४ गुणांच्या रसग्रहणात पोएटिक डिव्हायसेसच्या मुद्द्याखाली दोन वाक्यांत लिहिलं, तर तपासणाऱ्यालाही बरं वाटेल.

उद्या बायरन. 'शी वॉक्स इन ब्यूटी, लाइक द नाइट' एवढ्यावर थांबलं की सुंदर बाई रात्रीसारखी कशी, म्हणून वर्ग हसतो. वाक्य पुढच्या ओळीत जातं, निरभ्र प्रदेशांच्या, चांदण्या भरलेल्या रात्रीपर्यंत. तेव्हा आधी दोन्ही ओळी एका श्वासात म्हणवून घ्यायच्या, सिमिली नंतर.

मेटॉनिमी (एखाद्या गोष्टीऐवजी तिच्याशी जोडलेल्या गोष्टीचं नाव घेणं) आणि सिनेकडकी (भागाचं नाव घेऊन पूर्ण वस्तू सांगणं, किंवा उलट) यांतला फरक यंदाही मागे राहिलाय. तो बुधवारी, उरलेल्या वेळात. नव्वदच्या पुढचे गुण हवेत त्यांनी थांबावं, बाकीच्यांनी घरी जाऊन निबंध लिहावा.