दोन ठोक्यांच्या मधला वेळ

परवा ओटीतून बाहेर आले तर एका पेशंटची मुलगी दारातच उभी. मॅडम, हार्ट चालू ठेवूनच बायपास केली म्हणे बाबांची, मग ते हलत असताना टाके कसे घातले? मी भूल देते, टाके सर्जन घालतात, पण त्या हलण्यावर माझीही नजर असतेच.

रक्तवाहिनी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, धागा केसाहून बारीक. स्टॅबिलायझर, म्हणजे हृदयाचा तेवढा भाग धरून ठेवणारं उपकरण, लावला की तेवढीच जागा बऱ्यापैकी स्थिर राहते, बाकीचं हृदय शेजारी धडधडतच असतं. 1990 नंतर चांगले स्टॅबिलायझर आले, त्याआधी ठोके औषधानेच हळू करायला लागायचे. आता टाक्यांसाठी तेवढी गरज नाही, तरी मला बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके हळू करणारं औषध, हाताशी लागतंच आणि ते हृदयाच्या स्नायूसाठी.

कसंय, हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं पण त्याच्या स्वतःच्या डाव्या कप्प्याला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे, सैल पडल्यावर, कारण आवळलं की आतल्या वाहिन्याही दाबल्या जातात. मिनिटाला 100 ठोके पडत असतील तर बिचाऱ्याला जेवायला वेळच नाही, 65 वर आणलं की तो मधला वेळ जवळजवळ दुप्पट होतो, शिवाय कामही कमी. आणि टाके घालताना ती वाहिनी काही मिनिटं बंदच केलेली असते, तेव्हा ही बचत फार मोलाची.

बीटा-ब्लॉकरमधलं मला एस्मोलॉल आवडतं. तांबड्या पेशींमधलं एन्झाइमच ते तोडतं, नऊएक मिनिटांत निम्मं संपतं. मागच्या बाजूच्या वाहिनीसाठी हृदय उचललं की प्रेशर धाडकन पडतं, त्या वेळी हे औषध चालू असणं धोक्याचं, म्हणून पटकन उतरणारंच हवं.

या काकांचे ठोके टेबलावर घेतानाच 104 होते. रोजची मेटोप्रोलॉल, हीसुद्धा बीटा-ब्लॉकरचीच गोळी, त्यांनी दोन दिवस घेतलीच नव्हती, ऑपरेशनआधी सगळ्या गोळ्या बंद करतात असं शेजाऱ्यांनी सांगितलेलं. ही गोळी अचानक थांबवली की हृदय उलट जास्तच उसळतं हो! बहुतेकांना ती ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतो आम्ही. प्लीज, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

एस्मोलॉल थोडं थोडं देत 70 पर्यंत आणलं, मग सर्जननी पहिला टाका घेतला. आज सकाळी काका आयसीयूत खुर्चीत बसून चहा मागत होते, मॉनिटरवर 76.