तुम्ही विचारलंत म्हणून: एका वर्षाचे आवडते दहा सिनेमे निवडायचे कसे?

‘अमुक वर्षातले तुमचे आवडते दहा सिनेमे कोणते?’ या साध्या प्रश्नावरून सिनेमावेड्यांच्यात इतकी वादावादी का होते आणि यादी धड करायची कशी, हे बरेच जण विचारतात. बऱ्याचदा वाद आवडीनिवडीचा नसतोच. तो वर्षाचा असतो.

‘कोर्ट’ हा मराठी सिनेमा कुठल्या वर्षाचा? २०१४च्या व्हेनिस महोत्सवात तो दाखवला गेला, बक्षिसं घेऊन आला. थिएटरात लागला एप्रिल २०१५मध्ये. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २०१४चा, कारण तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख धरतात. म्हणजे २०१४ म्हणणारा आणि २०१५ म्हणणारा, दोघंही बरोबर बोलत असतात आणि तरी भांडत असतात. ऑस्करचं गणित आणखी निराळं. चॅप्लिनचा ‘लाइमलाइट’ १९५२चा, पण लॉस एंजेलिसच्या थिएटरात तो पहिल्यांदा रीतसर लागला १९७२मध्ये. त्यामुळे त्याच्या संगीताला ऑस्कर मिळालं १९७३च्या सोहळ्यात. पुरस्कारांच्या याद्या समोर ठेवून वर्ष ठरवायला गेलात तर असे घोळ होणारच.

म्हणून आधी नियम ठरवा. जुन्या वर्षाची यादी असेल तर जगात कुठेही झालेलं पहिलं जाहीर प्रदर्शन धरावं, महोत्सवातलंसुद्धा. आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावरचं वर्ष साधारण याच हिशोबाने असतं, त्यामुळे कुणालाही ते पटकन तपासता येतं. चालू वर्षाला मात्र हा नियम लावू नका. सप्टेंबरात महोत्सवात दाखवलेला सिनेमा प्रेक्षकांपर्यंत पुढच्या मार्चमध्ये पोचतो. डिसेंबरात यादी करताना तो कुणी पाहिलेला नसतो, आणि पुढच्या डिसेंबरात ‘तो मागच्या वर्षीचा’ म्हणून गळतो. चालू वर्षासाठी थिएटर किंवा ओटीटीवर आल्याची तारीखच बरी. दिग्दर्शकाने नंतर नव्याने कापलेली आवृत्ती मूळ वर्षातच मोजावी. ‘ब्लेड रनर’ १९८२चाच, ‘फायनल कट’ २००७मध्ये आली असली तरी.

मग आठवून लिहायला बसू नका. आठवणीत वर्षअखेरीचे आणि बक्षीस मिळालेले सिनेमे वर तरंगतात, जानेवारी-फेब्रुवारीचे बुडतात. त्या वर्षी आलेल्या सिनेमांची यादी महिन्यावार, भाषावार काढा आणि पाहिलेल्यांवर खूण करा. एकूण किती पाहिले तो आकडा माथ्यावर लिहा. ‘साठातले दहा’ याला वजन आहे. बाराच पाहून दहा निवडले असतील, तर तुम्ही फक्त दोन नापसंत केलेत. (हा आकडा लिहायला लोक का लाजतात, कोण जाणे.)

क्रम लावताना प्रत्येकाला दहापैकी गुण देण्याचा मोह होतो. त्यात निम्मे सिनेमे साडेसातवर येऊन अडकतात. त्यापेक्षा दोन-दोन समोरासमोर ठेवा. तीस सिनेमांच्या सगळ्या जोड्या ४३५ होतात, तेवढं करत बसायची गरज नाही. दहाची यादी क्रमाने लागलेली असेल आणि अकरावा घालायचा असेल, तर आधी मधल्याशी तुलना करा, मग वरच्या किंवा खालच्या अर्ध्यातल्या मधल्याशी. फार तर चार तुलनांत त्याची जागा सापडते. मध्येच असं होतं की पहिला दुसऱ्यापेक्षा सरस, दुसरा तिसऱ्यापेक्षा, आणि तिसरा पुन्हा पहिल्यापेक्षा! तिथे सहसा तुमच्या नकळत प्रश्न बदललेला असतो. दोनदा ‘थोर कुठला’ विचारलंत आणि तिसऱ्यांदा ‘आज रात्री कुठला लावू’. यादी आवडत्यांची असेल तर ‘आज रात्री कुठला लावू’ हाच प्रश्न शेवटपर्यंत धरावा.

मित्रांच्या याद्या एकत्र करताना पहिल्याला १०, दहाव्याला १ असे गुण देतात. यात एक खोट आहे. समजा पाच जण आहेत. एक सिनेमा पाचही जणांनी पाहिला आणि प्रत्येकाने सहाव्या नंबरला ठेवला: पाच पंचे पंचवीस. दुसरा दोघांनीच पाहिला आणि दोघांनीही पहिला ठेवला: वीस. कुणाच्याच पहिल्या पाचात नसलेला सिनेमा जिंकला! निव्वळ सरासरी काढावी तर उलटी गंमत होते, एकट्याने पाहिलेला सिनेमा पूर्ण दहा घेऊन माथ्यावर बसतो. उपाय असा की निदान निम्म्या जणांनी पाहिलेल्याच सिनेमांची सरासरी काढायची, ती पाहणाऱ्यांच्या संख्येने भागून, आणि पाहूनही यादीत न घेतलेल्याला शून्य धरायचं. पाच जणांत अट तिघांची होते, म्हणजे तो वीसवाला याही हिशोबात बसत नाही. असे अटीत न बसलेले सिनेमे फेकून न देता वेगळ्या कागदावर काढा, त्यापुढे पाहणाऱ्याचं नाव लिहा. उरलेल्यांनी ते पाहून घेतल्यावर बेरीज पुन्हा मांडायची.