आमची वाटचाल : पायऱ्या गेल्या, रॅम्प आला

आमचा फोटो स्टुडिओ सांगलीतला, वडिलांनी गावभागात सुरू केलेला. रोलच्या कॅमेऱ्याचा काळ, पासपोर्ट फोटो, लग्नाच्या ऑर्डरी, शाळांचे ग्रुप फोटो, त्यावरच घर चाललं. २०१९ च्या महापुरात दुकान पाण्यात गेलं, लाईट, पडदे, जुन्या निगेटिव्ह सगळंच, मग विश्रामबागच्या बाजूला जागा घेतली आणि दिव्यांग लोकांचे पोर्ट्रेट हे आज जे आमचं मुख्य काम आहे ते खऱ्या अर्थानं इथं उभं राहिलं.

त्याआधी पण ही मंडळी यायचीच, सर्टिफिकेटला फोटो लागतो म्हणून. सोबतचा माणूस म्हणायचा पाय दिसू दे, हात दिसू दे, नाहीतर फॉर्म परत येतो. खरं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे नियम २०१७ ला आले, त्यातल्या सर्टिफिकेटच्या नमुन्यात फोटोच्या चौकटीत स्पष्ट लिहिलंय, फक्त चेहरा दिसावा. तरी आजही कुणी कुणी आल्या आल्या पँट वर करायला लागतं, आम्ही म्हणतो दादा काही गरज नाही, निवांत बसा. त्यानंतर चेहऱ्यावर जे येतं ना, तोच फोटो काढायचा असतो.

नवीन जागेत सगळे म्हणाले पूर बघितलाय, जोतं उंच घ्या. पण रॅम्पचा हिशोब एकास बारा, म्हणजे दोन फूट उंचीला चोवीस फूट रॅम्प, तेवढी जागा आणायची कुठनं? शेवटी जोतं एक फुटावर ठेवलं, समोरच्या पार्किंगमधून बारा फुटी रॅम्प काढला आणि महागडं सामान वर माळ्यावर टाकलं. व्हीलचेअरवाल्या ताई कुणी उचलून न घेता स्वतः आत येतात, आल्यावर केस नीट करतात, आरशात बघतात. उचलून आणलेल्या माणसाचा फोटो चांगला येत नाही हे माझं ठाम मत आहे.

कामाच्या पद्धती पण बदलल्या. व्हीलचेअरवरच्या माणसाचा फोटो उभ्यानं काढला की डोकं मोठं, पाय बारीक आणि माणूस केविलवाणा दिसतो, म्हणून मी बुटक्या स्टुलावर बसतो, लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हालचालीवर नीट ताबा नसलेली काही मुलं फ्लॅशला एकदम दचकतात, त्यांना एलईडीचा सलग लाईट. ज्यांना ऐकू येत नाही त्यातले बरेच जण ओठ वाचतात आणि फोटोग्राफर तर कायम लाईटच्या मागं अंधारात, त्यामुळं एक छोटा दिवा माझ्या तोंडावर. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या खटक्याचा आवाज मुद्दाम चालू ठेवतो, फोटो कधी निघाला ते त्यांना कळायला पाहिजे की! आणि ऑटिझमच्या काही मुलांना असा आवाज सहन होत नाही, त्यांच्यासाठी तोच बंद.

सगळ्यात अवघड काम स्थळासाठीच्या फोटोचं. घरचे म्हणतात कुबडी दिसू देऊ नका, आणि जिचा फोटो आहे ती गप्प. आम्ही घरच्यांना बाहेर चहा देतो आणि तिला विचारतो, ताई तुमचं काय म्हणणं? कुणी म्हणतं दिसू दे, नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं, कुणी म्हणतं फक्त चेहरा घ्या. दोन्ही बरोबर, ठरवणार ती.

आपल्या जिल्ह्यानं तर देशाला दाखवलंय. पेठचे मुरलीकांत पेटकर, १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिकचं भारताचं पहिलं सुवर्ण. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी, २०२४ ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्य, १६.३२ मीटर. त्यानंतर हाफ बाह्यांचा टीशर्ट घालून फोटोला येणारी पोरं दिसायला लागली, आधी हीच पोरं फुल शर्टच्या बाहीत हात लपवायची. मला त्याचा फार आनंद आहे.

लोक विचारतात फुकट का नाही करत? आम्ही सुरवातीला गिऱ्हाइकांनाच विचारलं होतं, त्यांनीच सांगितलं रेट सगळ्यांसारखाच लावा, फक्त घाई करू नका. म्हणून रेट तोच आहे आणि एका माणसाला अख्खा तास ठेवलाय. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्या घरी जातो, जत, आटपाडीपर्यंत, तेव्हा फक्त गाडीखर्च वेगळा.