काकांच्या वाटेने: खंबाटकी ते अपशिंगे मिलिटरी

काका आधी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत होते, नंतर बांधकाम खात्यात आले, तेही महामार्गावरच. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि मी व चुलतभावाने त्यांच्या नेहमीच्या वाटेवर एक चक्कर टाकायचं ठरवलं. पुणे, खंबाटकी, सातारा, अपशिंगे आणि परत, सगळं एका दिवसात जमतं.

पहाटेच निघा. शनिवार-रविवारी किंवा जोडून सुट्ट्या आल्या की खंबाटकी चढताना कोंडी ठरलेली, त्यात एखादा ट्रक बंद पडला की संपलंच. आजवर जाताना घाट आणि येताना बोगदा असाच रिवाज होता. नव्या जुळ्या बोगद्यांच्या कामामुळे वाहतूक बदलू शकते, फलक बघत जा. घाटात गाडी कडेला लावून उतरू मात्र नका.

खिडकीतून एकच बघा, डोंगराच्या बाजूचं गटार. काका डांबराकडे बघतच नसत. रस्ता पाण्याने मरतो, म्हणायचे. गटार तुंबलं की पाणी रस्त्यावर येतं, खडीत मुरतं, खालचा थर मऊ पडतो, मग वरून लोडचे ट्रक गेले की खड्डा पडणारच. रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीचं तोंड मोकळं आहे का, संरक्षक भिंतीतली पाणी जायची भोकं मातीने बुजली नाहीत ना, हे ते चालत्या एसटीतून मान वळवून बघायचे. शेजारी काकू डोळे मिटून बसलेल्या.

साताऱ्यात लवकर जेवून घ्या, पुढे गावात हॉटेल मिळेलच असं धरू नका. नकाशात नुसतं अपशिंगे न टाकता 'अपशिंगे मिलिटरी' असं टाका. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने लावलेला स्मृतिस्तंभ गावात आहे. कुणालाही विचारा, रस्ता दाखवतील. फोटो काढण्याआधी तेवढं विचारा, आणि घाईत जाऊ नका. पारावर कुणी निवृत्त सुभेदार बसलेले असतील तर 'रामराम' करून टेका. आम्ही 'काका सॅपर होते' एवढंच म्हणालो, तर चहा आला आणि कोणती कंपनी, कुठे पोस्टिंग, अशी चौकशी सुरू झाली.

तिथेच रामा राघोबा राणे यांचा विषय निघाला. तेही बॉम्बे सॅपर्सचेच, मूळचे कारवारकडचे. एप्रिल १९४८ मध्ये, पाकिस्तानशी चाललेल्या युद्धात, जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. एके ठिकाणी तर रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत. त्यांना परमवीरचक्र मिळालं. काका आम्हाला लहानपणी हीच गोष्ट सांगायचे, पण शौर्यापेक्षा त्यात रस्ता कसा मोकळा केला हेच जास्त असायचं. तेव्हा कंटाळा यायचा, खरं सांगायचं तर.

परतताना जुन्या बोगद्यातून आलात तर बाहेर पडल्यावर उतार आणि इंग्रजी एससारखं वळण लागोपाठ येतं. अपघातांसाठी ती जागा कुप्रसिद्ध आहे, वेग बोगद्यातच कमी करा आणि ओव्हरटेकचा नाद सोडा. टोल खेड-शिवापूर आणि आनेवाडीला लागतो, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. कंदी पेढे साताऱ्यातून निघतानाच घ्या, सकाळी घेतलेत तर दिवसभर गाडीच्या उन्हात राहतात.