बाळाचा पहिला नाताळ: डोंबिवली ते वेंगुर्ला, आणि मधले माणगावचे पाच तास

"मुंबई-गोवा हायवे झालाय आता. सकाळी निघा, दुपारी तीनला मासे-भात खायला घरी." हे मला माझ्या भावाने सांगितलं, शेजारच्या काकांनी सांगितलं आणि गाडीच्या सर्व्हिसिंगवाल्यानेही सांगितलं. नाताळाच्या आधीच्या शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही डोंबिवली सोडली आणि वेंगुर्ल्याला माझ्या माहेरी रात्री अकराला पोचलो. साडेसोळा तास, आणि गाडीत सात महिन्यांची लेक. तिचा पहिला नाताळ आजोळी करायचा हे ती पोटात असल्यापासून ठरलेलं होतं, म्हणून गेलो. ज्यांना तान्हं बाळ घेऊन याच दिवसांत कोकणात उतरायचंय, त्यांनी निघण्याआधी एवढं वाचून घ्या.

पनवेलजवळचं पळस्पे ते रायगडातलं इंदापूर हा चौपदरीकरणाचा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा २०११ मध्ये हाती घेतला. तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझी मुलगी मागच्या सीटवर रडते आहे आणि इंदापूर आणि माणगावची वाहतूक अजूनही बाजारपेठेतूनच जाते. बाह्यवळणं पूर्ण झालेली नाहीत. चार पदरांवरून सुसाट आलेल्या गाड्या, मुंबईहून गोव्याला निघालेले थर्टीफर्स्टवाले, ताम्हिणीतून उतरलेले पुण्याचे लोक, सगळे त्या एका अरुंद रस्त्यात घुसतात. आम्ही साडेनऊला कोलाडला होतो आणि लोणेरे ओलांडलं तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. अंतर जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर.

साडेबाराला मम्मीचा फोन आला. "गो, खय पोचलंस?" मी म्हटलं, "माणगावाक." तिने आनंदाने फोन ठेवला आणि भात टाकला. तिला वाटलं कुडाळचं माणगाव, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात लेक-जावई दारात. दोन वाजता परत फोन. "अजून माणगावाकच?" तेव्हा तिला कळलं की हे रायगडातलं माणगाव. तोवर बांगड्याचं तिखलं होऊन थंड झालं होतं.

मोठ्यांचं काय, भूक लागली तर वडापाव खातील. बाळाचं तसं नाही. लेकीला दर दोन-अडीच तासांनी अंगावर घ्यावं लागतं आणि कारसीटमध्ये बांधून दूध पाजता येत नाही. गाडी बाजूला घ्यायला साईडपट्टी नाही, सावली नाही, शेजारी ट्रकचा धूर. खिडकीला चादर लावून मी दोनदा पाजलं, डिसेंबर असूनही ती घामाने चिंब. बसस्थानकांवर बाळंतिणींसाठी हिरकणी कक्ष असतात म्हणून वाटेतल्या एका स्थानकात शिरलो, तर दाराला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते तिथल्या कुणालाच माहीत नाही. जी आई तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरली तिचं नाव दारावर, आणि तिच्याच जिल्ह्यात मी दाराबाहेर उभी. मला तिथे रडू आलं.

थर्मासातलं पाणी अकरालाच संपलं होतं. रस्त्याकडेच्या एका हॉटेलात नाचणी कालवण्यापुरतं गरम पाणी मागितलं. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, शंभर रुपये. चहा-नाश्ता घ्या म्हणाला असता तर घेतला असता. नुसत्या पाण्याचे शंभर, कडेवरचं रडणारं पोर बघून. मी दिले, कारण पर्याय नव्हता. तुम्ही मात्र एक-एक लिटरचे दोन थर्मास भरून घ्या, डायपर लागतील वाटतात त्याच्या दुप्पट घ्या, आणि पुढून उघडणारा कुर्ता घाला.

पुढचा रस्ता वाईट नाही. कशेडी घाट आता बोगद्याने टळतो, लेक झोपेतून हललीही नाही. संगमेश्वर ते हातखंबा मात्र काळोखात जाऊ नका. वळवलेला रस्ता कुठे संपतो ते समोर आल्यावरच दिसतं. राजापूरपासून कुडाळपर्यंत रस्ता उत्तम.

म्हणून माझं स्पष्ट मत: नाताळाच्या आठवड्यात बाळ घेऊन दिवसा या हायवेला लागूच नका. गाडीनेच जायचं असेल तर चालवणाऱ्याने संध्याकाळी झोप काढावी, रात्री एकला निघावं आणि साडेचारच्या आत माणगाव मागे टाकावं. हे जमणार नसेल तर गाडी काढू नका.

घरचे चार दिवस छानच गेले. नेवऱ्या, दोदोल, सागरेश्वरची वाळू. त्याबद्दल वेगळं काय सांगू.

मध्यरात्रीच्या मिस्सेबद्दल, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या प्रार्थनेबद्दल, मात्र सांगायला हवं. लहान बाळाला नेऊ नका असं सगळे म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. आमच्याकडे मिस्सा चर्चच्या पटांगणात असते, वरून दहिवर पडतं, नंतर फटाके. पंचवीसची सकाळची मिस्सा बाळासाठी सोयीची. तरी आम्ही नेलं. कानटोपी, पायमोजे, वर माझी शाल, आणि बसलो कडेच्या खुर्च्यांवर, पटकन उठता येईल असे. शेवटी बाळ येशूच्या मूर्तीचं चुंबन घ्यायला रांग लागते. फादर दर माणसानंतर पांढऱ्या कपड्याने मूर्तीचे पाय पुसत होते. आमची पाळी आली तशी लेकीने दोन्ही हातांनी मूर्तीचा पाय धरला आणि सोडेचना. फादर कपडा हातात घेऊन थांबले, मागची रांग थांबली, पप्पा डोळे पुसत होते. साडेसोळा तासांचा शीण मला त्या क्षणी आठवला नाही. पुढच्या वर्षीही मी तिला मध्यरात्रीच नेणार.

परत येताना हायवेचं नावही काढलं नाही. सावंतवाडी, आंबोली, आजरा, मग कोल्हापूरला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पुण्यावरून घरी. अंतर जास्त, टोल जास्त, पण गाडी चालत राहते. आंबोली चढण्याच्या तासभर आधीपासून बाळाला दूध देऊ नका. आम्ही पायथ्याशी पाजलं आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर ते सगळं माझ्या खांद्यावर आलं.

आणि खरं म्हणजे ट्रेन. कोकणकन्येत रात्री बसा, बाळ झोपतं, सकाळी कुडाळला उतरा. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ घेतली नाही तर तिकीट लागत नाही. आईसाठी खालचीच बर्थ घ्या. वेंगुर्ल्यासाठी उतरायचं कुडाळलाच, आणि गावातली ओळखीची रिक्षा आदल्या दिवशी भाडं ठरवून सांगून ठेवा. माझ्या भावाला २३ तारखेला स्टेशनाबाहेर "नाताळचा रेट" म्हणून अठराशे सांगितले आणि सामान बघून त्याने ते दिले. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २३ डिसेंबरच्या गाडीचं २४ ऑक्टोबरला, सकाळी आठ वाजता. नवऱ्याने घरी आल्या आल्या फोनमध्ये त्या दिवसाचा गजर लावलाय, पावणेआठचा.