भंडारदऱ्याचे तीन मुक्काम आणि १४ किलोंवरून साडेसात किलोंवर आलेले सामान

जूनच्या मुक्कामाला निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही सॅक ताणकाट्याला लावल्या, तेव्हा माझे आणि धाकट्या बहिणीचे मिळून सामान ७ किलो ४०० ग्रॅम भरले. दीड वर्षापूर्वी, डिसेंबरातल्या पहिल्या मुक्कामाला, हाच आकडा १३ किलो ८०० ग्रॅम होता आणि मधल्या मार्चमध्ये तो ९ किलोंच्या थोडा वर होता. तिन्ही वेळा जागा एकच होती: अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या आर्थर जलाशयाच्या काठावरचा कापडी तंबू. प्रत्येक वेळी घरी परतल्यावर मी सामानाचे दोन ढीग करते, एक वापरलेल्या वस्तूंचा आणि दुसरा न वापरलेल्या वस्तूंचा. ज्या वस्तूंवाचून तिथे अडले, त्यांची यादी वेगळ्या कागदावर लिहिते. या नोंदी त्या ढिगांवरून आणि त्या कागदावरून केलेल्या आहेत.

आधी जागेविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण ग्लॅम्पिंग, म्हणजे आयती सोय असलेल्या तंबूतला मुक्काम, या एकाच शब्दाखाली वातानुकूलित तंबूपासून शेताच्या बांधावरच्या राहुटीपर्यंत काहीही मिळते. आमचा तंबू मातीच्या ओट्यावर उभारलेला आहे. आत दोन खाटा, गाद्या, रजया, एक लहान मेज आणि सौर विजेवरचा एक दिवा आहे. मोबाइल चार्ज करण्याची सोय तंबूत नाही, ती यजमानांच्या घरी आहे. स्वच्छतागृह आणि न्हाणीघर तंबूपासून सुमारे चाळीस पावलांवर आहे, सकाळी बंबातले गरम पाणी बादलीने मिळते आणि जेवण यजमानांच्या चुलीवर होते. गाडी वरच्या रस्त्यावर ठेवून शेवटचा उतार पायी उतरावा लागतो, त्यामुळे चाकांची बॅग इथे निरुपयोगी ठरते.

पहिल्या वेळी मी ट्रेकची यादी काढली आणि तीच पुढे वाढवत नेली. स्टोव्ह, भांडी, दोन स्लीपिंग बॅग आणि सुक्या खाऊचे डबे या सगळ्याचे मिळून जवळजवळ ५ किलो झाले होते आणि स्लीपिंग बॅगा सोडल्या तर यांतले काहीही सॅकमधून बाहेर निघाले नाही. यजमानांकडच्या मावशींनी नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा समोर ठेवल्यावर स्टोव्ह पेटवण्याचे कारणच उरले नाही. त्याच वेळी पायांत सकाळच्या दवात घसरणाऱ्या रबरी चपला होत्या आणि दोघींत मिळून एकच टॉर्च होती. तंबूच्या आतली सोय यजमानांनी केलेली असते, म्हणून आपले सामान मुख्यतः तंबू आणि न्हाणीघर यांच्यामधल्या त्या चाळीस पावलांसाठी आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या तासांसाठी घ्यायचे, हे मला त्या मुक्कामात उमगले. त्यानंतर यादीतल्या प्रत्येक वस्तूला मी हीच कसोटी लावली आहे.

डिसेंबरच्या थंडीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सर्वांत मोठी चूक तिथे झाली होती. जलाशयाला तीन बाजूंनी डोंगर आहेत आणि राज्यातले सर्वांत उंच, १६४६ मीटरचे कळसूबाई शिखर याच परिसरात आहे. सूर्य डोंगराआड गेला की उतारांवरची थंड, जड हवा खाली सरकते आणि पाण्याकाठच्या सखल भागात साचून राहते. मी नेलेल्या लहान तापमापकावर रात्री ८ वाजता १७ अंश सेल्सिअस होते, तर पहाटे साडेपाचला ८ अंश. तंबूच्या आत आणि बाहेर जेमतेम दोन अंशांचा फरक होता. अंगावर रजई, तिच्यावर स्लीपिंग बॅग उलगडून घातलेली आणि अंगात स्वेटर असूनही माझी पाठ रात्रभर गार पडत होती. खाटेखालून वारा वाहतो, गादी पातळ असते आणि आपल्या भाराखाली तिच्यातला कापूस दबल्यामुळे ऊब धरून ठेवणारी हवा त्यात राहत नाही, त्यामुळे थंडी खालून येते आणि वरची पांघरुणे कितीही वाढवली तरी तिच्यावर उपाय होत नाही. दुसऱ्या रात्री मावशींकडून मागून आणलेली गोधडी मी अंगावर घेण्याऐवजी गादीखाली दुहेरी घालून अंथरली आणि तेवढ्याने झोप लागली. तेव्हापासून थंडीच्या यादीत दोन्ही स्लीपिंग बॅगांच्या जागी प्रत्येकी एक फोमची कॅरीमॅट आली आहे. तिचे वजन ३०० ग्रॅमच्या आसपास आहे आणि ती सॅकच्या बाहेर बांधता येते.

त्याच मुक्कामात आणखी एक वस्तू कायमची ठरली, ती म्हणजे एकपदरी स्टीलची बाटली. झोपण्यापूर्वी चुलीवरचे उकळते पाणी तिच्यात भरून, झाकण घट्ट लावून, ती लोकरी मोज्यात घालून पायांशी ठेवली की पहाटेपर्यंत अंथरूण कोमट राहते आणि सकाळी तेच पाणी पिता येते. थर्मास यासाठी चालत नाही, कारण तो उष्णता बाहेर सोडतच नाही. कानटोपी आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवावा, कारण दिवसभर घातलेले मोजे घामाने दमट झालेले असतात आणि रात्री तेच पाय गार करतात.

दवाची गोष्ट नव्याने जाणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. पाण्याकाठी संध्याकाळी दोरीवर टाकलेले कपडे सकाळी वाळलेले नसतात, उलट अधिक ओले झालेले असतात. आतूनही, दोघींच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते आणि कापडाला टेकलेली सॅक पहाटेपर्यंत ओलसर होते. म्हणून तंबूची वरची झरोक्याची जाळी थंडीतही थोडी उघडी ठेवावी, सामान कडेला न ठेवता मेजावर किंवा खाटेच्या पायथ्याशी ठेवावे आणि कपडे वाळवायचेच असतील तर ते दुपारी वाळवावेत. टर्किश टॉवेल मी याच कारणासाठी काढून टाकला. त्याचे वजन ५५० ग्रॅम होते आणि तो दोन दिवसांत एकदाही पूर्ण वाळला नाही. त्याऐवजी घेतलेला सुती पंचा १५० ग्रॅमचा आहे आणि उन्हात तासाभरात वाळतो.

मार्चच्या मुक्कामाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. सकाळी नऊनंतर तंबूत बसवत नाही, दुपारनंतर पाण्यावरून येणारा वारा कापड फडफडवत राहतो, आणि टोपी, पातळ चादर, कानांत घालायचे बोळे व पूर्ण बाह्यांचा सुती सदरा एवढ्यावर भागते. पोहण्याचे कपडे नेले होते, पण धरणाच्या पाण्यात खोलीचा अंदाज काठावरून येत नाही, त्यामुळे ते यादीतून कायमचे काढले आहेत आणि इतरांनीही काढावेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जूनचा मुक्काम काजव्यांसाठी होता. मेच्या अखेरीपासून जोराचा पाऊस सुरू होईपर्यंतच्या थोड्या दिवसांत या परिसरातली हिरडा, बेहडा, सादडा आणि उंबराची झाडे काजव्यांनी उजळतात आणि तेव्हा सामानातला उजेड हाच सर्वांत नाजूक विषय होतो. नर आपल्या प्रकाशाच्या ठरावीक लयीने मादीला साद घालतो आणि मादी तिला उत्तर देते. त्यांच्यामध्ये पांढऱ्या टॉर्चचा झोत पडला की हा संवाद तुटतो आणि तो त्यांच्या प्रजननाचाच काळ असल्यामुळे हे नुकसान एका रात्रीपुरते राहत नाही. आम्ही दोघींनी लाल दिव्याची सोय असलेल्या स्वतंत्र हेडटॉर्च घेतल्या आणि राखीव म्हणून साध्या टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावून रबराने बांधला. झाडांजवळ पोचल्यावर तीही बंद ठेवली, कारण दहा-पंधरा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. मोबाइल सॅकमध्ये बंद करून ठेवावा. डासांसाठी अंगावर फवारा मारण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घालावेत. काजव्यांच्या अळ्या ओलसर जमिनीवर राहतात आणि गोगलगायींसारख्या जिवांवर जगतात, त्यामुळे मळलेली वाट सोडून झाडाखाली शिरू नये. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्यामुळे प्रवेशाचे नियम आणि वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात.

निघताना मावशींनी विचारले होते, "ताई, छत्री नाही आणली का?" छत्री आणली नव्हती आणि ती आणली नाही हे योग्यच झाले, कारण काठावरच्या वाऱ्यात ती टिकत नाही. गुडघ्यापर्यंतचा रेनकोट उपयोगी पडला. सॅकवर बाहेरून घालायच्या आवरणापेक्षा आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात कपडे ठेवणे अधिक भरवशाचे आहे, कारण पाठीकडून शिरणारे पाणी आवरण अडवू शकत नाही. जीन्स या दिवसांत नेऊच नये, कारण एकदा भिजलेली जीन्स मुक्काम संपेपर्यंत वाळत नाही.

पायांत आता मागे पट्टा असलेल्या सँडल असतात आणि त्या तंबूच्या आत ठेवल्या जातात. तरीही पाय घालण्यापूर्वी त्या उलट्या करून झटकायच्या, कारण विंचवाला आडोसा आवडतो. पावसाच्या तोंडावर साप बाहेर पडतात, म्हणून रात्री त्या चाळीस पावलांवरही उजेडाशिवाय जायचे नाही. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट आवळू नये, तो अवयव हलू न देता ताबडतोब रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांक आणि प्रतिविष मिळणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचे नाव मी पोचल्यावर यजमानांना विचारून कागदावर लिहून ठेवते, कारण इथे नेटवर्क भरवशाचे नाही. त्याच कारणाने नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात. नेटवर्क शोधण्यातच मोबाइलची बॅटरी संपते. तो विमान मोडवर ठेवला तर दोन रात्रींसाठी दोघींना मिळून १०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. पहिल्या वेळची २०,००० एमएएचची पॉवर बँक निम्म्याहून अधिक भरलेलीच परत आली होती.

न्हाणीघरासाठी खुंटीला लटकवता येणारी, कप्प्यांची पिशवी घ्यावी, कारण आत एका खिळ्याखेरीज वस्तू ठेवायला जागा नसते. तिच्यात कागदी साबण, दंतमंजन, कंगवा आणि पंचा एवढेच असते. खाऊ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावा. प्लास्टिकची पिशवी उंदीर एका रात्रीत कुरतडतात, आणि मुंग्यांना तर तेवढेही श्रम पडत नाहीत. औषधांत रोजच्या गोळ्यांखेरीज जलसंजीवनीची पाकिटे, पट्ट्या आणि जंतुनाशक मलम असते.

पुढचा मुक्काम डिसेंबरात ठरवला आहे आणि त्यासाठी घोंगडीचा प्रयोग करणार आहे. कॅरीमॅट आणि लोकरी शाल मिळून प्रत्येकीमागे १ किलो १०० ग्रॅम होतात, तर आणलेली घोंगडी ताणकाट्यावर २ किलो २०० ग्रॅम भरली. वजन दुप्पट आहे, पण तीच घोंगडी खाली अंथरता येते, संध्याकाळी शेकोटीजवळ खांद्यावर घेता येते आणि दव पडले तरी लोकर कापसासारखी भिजून गार होत नाही. बहिणीने कॅरीमॅट आणि शाल घ्यायची, मी घोंगडी घ्यायची आणि दुसऱ्या रात्री अदलाबदल करायची, असे आम्ही ठरवले आहे. दोन्ही अंथरुणांखाली तापमापक ठेवून पहाटे साडेपाचचे आकडे पुढच्या नोंदीत देईन.